धरा रे, धरा!

मंगेश अढाऊची आणि माझी ओळख झाली ती इरफानच्या नाकातून आलेल्या रक्तानं. जर्मनीतल्या आमच्या होस्टेलचं स्वयंपाकघर, शेगडीवर माझं तुरीचं वरण, आणि फरशीवर टपटप लाल थेंब. अमरावतीला राजापेठेत लहानाची मोठी झालेय मी, भांडणं काय कमी पाहिलीत? पण एवढं सातासमुद्रापलीकडे येऊन दोन पोट्टे वऱ्हाडीत एकमेकांचं नरडं धरतील, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यातच काढलं असतं.

एक होता अकोटचा मंगेश. बुटका, आडव्या बांध्याचा, मान जवळजवळ नाहीच, आणि गळ्यात बारा महिने लाल काठाचा दुपट्टा. दुसरा अकोल्याचा इरफान शेख. काडीपैलवान, चष्मिस, आणि जिभेला हाड म्हणून नाही. दोघंही मेकॅनिकलचं पुढचं शिकायला नुकतेच आलेले. मी त्यांच्या आधी आलेली, त्यामुळे आल्या दिवसापासून दोघांची ताई झाले. वयानं काही मोठी नव्हते, पण वरण मी करत होते ना.

भांडण लागलं शंकरपटावरून. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोडीची शर्यत. सरळ पट्टा, हलकीशी गाडी, तिच्यावर एकटा हाकणारा, त्याला धुरकरी म्हणतात. मंगेश मोठ्या तोऱ्यात वडिलांबद्दल सांगत होता, "आमच्या बुढ्यासारखा धुरकरी अकोट तालुक्यात झाला नाई अन् होणार नाई." इरफाननं भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं, "माहे दादा, अब्बाचे अब्बा, अकोटले नालबंद होते बे. पट झाला का बैलं आमच्या दारात. आर टोचू टोचू पुठ्ठ्याची चाळणी झालेली. मुक्या जनावराले खिळा टोचून पळवते, हा काय मर्दपणा हाय काय?"

झालं! मंगेशचा हात कधी उठला ते मला दिसलंच नाही. चष्मा उडून सिंकमध्ये गेला. इरफानही काही गप्प बसणारा नव्हता, त्यानं माझं लाटणं उचललं आणि मंगेशच्या कपाळावर असं हाणलं की तिथं लगेच टेंगूळ आलं. मग दोघं खाली, खुर्च्या आडव्या, कोणाचा तरी दुधाचा डबा सांडलेला. जात-धर्म दोघांपैकी एकानंही काढला नाही, हे मात्र सांगायला हवं. शिव्या दोघांच्या अगदी सारख्याच होत्या. शेवटी मी थंड पाण्याचं पातेलं दोघांच्या अंगावर ओतलं, गल्लीतल्या कुत्र्यांवर ओततात तसं, आणि म्हटलं, "आता फरशी पुसा."

पुसली. दोघांनी मिळून पुसली. मग मंगेश नळाखाली हात धरून उभा राहिला. ही त्याची कायमची सवय. कोणाला मारलं की उजवा हात गार पाण्याखाली धरायचा, बोटं निळी पडेपर्यंत. तिथलं पाणी म्हणजे बर्फच. मी म्हटलं, "काय रे, हे काय नवीन?"

"हात सुटते ताई. मी काय करू?"

"बांधून ठेव."

"कोठी बांधू? दावणीले?"

त्यानंतर बरेच दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण जेवायला माझ्याचकडे. मंगेश म्हणायचा, "ताई, त्याले सांग मीठ इकडे दे." इरफान मीठ सरकवायचा आणि म्हणायचा, "ताई, त्याले सांग मीठ दिलं." मी मधे बसून डोकं धरायची. शेवटी एक दिवस मिरचीचा ठेचा मंगेशच्या श्वासनलिकेत गेला, तो निळाजांभळा झाला, आणि इरफाननं त्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. जीव परत आल्यावर मंगेश म्हणाला, "अबे, हळू मार ना." इरफान म्हणाला, "लय दिवसाचं राहून गेलं होतं." तिथून दोघांची जी गट्टी जमली, बाप्पा, की एकाला बोलावलं तर दुसरा पायात चप्पल घालून तयार.

मंगेशच्या उजव्या खांद्यावर आणि पाठीवर बारीक गोल वण होते. मला वाटलं, देवी आल्या असतील. तो हसला. "देवी नाई, बुढा आला होता." काठीच्या टोकाला जो खिळा लावतात त्याला आर म्हणतात. बैलासाठी असते ती. त्याच्या वडिलांनी ती पोरासाठीही वापरली होती. गणित चुकलं, आर. गाय सुटली, आर. हे सगळं तो अभिमानानं सांगायचा. "बुढ्यानं मले बैलासारखंच शिकवलं, म्हणून तर इथपावतर आलो." पण रविवारी वडिलांचा फोन आला की हा पठ्ठ्या खुर्चीवरून उठून उभा राहायचा. हजारो मैलांवरच्या माणसापुढे उभा! मला राग यायचा, त्याच्या वडिलांचा आणि त्याचाही.

एकदा मी विचारलं, "पटात गाडी थांबवतात कशी रे? ब्रेक तर नसणार."

"धुरकरी थांबवत नाई ना ताई. त्यानं फकस्त पळवायचं. जोडी आली का तो वरडते, धरा रे, धरा! पुढं माणसं उभी असतात, थे धरतात."

"उधळलेले बैल?"

"हव. समोरून नाई धरायचं, चिंधड्या होतात. बाजूनं जायचं, गळ्यात पडायचं अन् संग पळायचं. मंग ते हळू होते." त्याच्या वडिलांची जोडी धरायला कायम त्याचा मामा असायचा. एकदा बैलानं मामाला फरफटत नेलं, बरगड्या मोडल्या, समोरचे दात गेले. "बुढ्याचा पह्यला नंबर आला त्या दिवशी," मंगेश म्हणाला, "गावात मिरवणूक निघाली."

"आणि मामा?"

"मामाचं काई इचारलं नाई कोनी." मग तो ठेचा वाढून घेऊ लागला.

हिवाळा सुरू झाला आणि एक दिवस तो खरोखरच अंगाशी येईल असं करून बसला. कपडे धुवायच्या खोलीत एका धिप्पाड पोरानं मंगेशचे ओले कपडे मशीनमधून काढून जमिनीवर फेकले. त्यात आईनं दिलेला दुपट्टा होता. मंगेशनं काही विचारलं नाही. त्या पोराला कमरेत धरून उचललं आणि मशीनच्या झाकणावर आपटलं. झाकणाची काच फुटली, त्या पोराच्या कोपराला टाके पडले. होस्टेलच्या बाईंनी आम्हा तिघांना बोलावलं. मी आणि इरफान हातापाया पडलो म्हणा ना. बाई शांतपणे म्हणाल्या, आणखी एकदा कोणावर हात उचलला तर होस्टेल नाही, कॉलेज नाही, सरळ घरी.

त्या दिवशी मंगेश नळाखाली हात धरून रडला. एवढा दांडगा माणूस, हुंदके देऊन. "घरी पाठवलं तर बुढा मले जित्ता ठेवत नाई, थे जाऊ दे. पण ताई, मले त्याच्यासारखं नाई व्हायचं. लहान होतो तवापासून मनात म्हणत आलो का आपुन असं नाई करायचं. अन् पाह्य ना, हात त्याचाच आहे." त्यानं तो निळा पडलेला हात माझ्यासमोर धरला. इरफान म्हणाला, "मायची आन घे. पुन्हा कोनावर हात टाकायचा नाई." मंगेशनं आन घेतली.

आणि ती पाळायच्या नादातच सगळं घडलं.

विद्यार्थी मंडळानं बर्फात स्कीइंगची सहल काढली. बस भरून पोरं-पोरी, आल्प्सचे डोंगर, भाड्याचे बूट. ते बूट म्हणजे काय सांगू, पायाला प्लॅस्टर घालून वर चालायला लावल्यासारखं. मी तर पहिल्या दिवशी उभी कमी आणि आडवी जास्त होते. शिकवायला क्लाउडिया नावाची एक लाल जॅकेटवाली बाई होती. तिनं सगळ्यात आधी थांबायला शिकवलं. पायांतल्या लांब पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा फाकवायच्या, पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार करायचा, की माणूस थांबतो. सकाळभर आपली ती ओरडतेय, "पिझ्झा! पिझ्झा!"

मंगेश वैतागला. "थांबणं काय शिकवून राहिली ही बाई? अबे, पळणं शिकव ना!"

"पह्यले थांब, मंग पळ," इरफान म्हणाला.

"थांबवायले लोक असतात."

तेव्हा आम्ही दोघं हसलो. आज ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

आमच्यात निनाद म्हणून पुण्याचा एक मुलगा होता. तो आधी दोनतीनदा स्कीइंग करून आलेला, आणि ते आम्हाला विसरू देत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या टपरीजवळ कॉफी पिताना तो म्हणाला, "मंगेश, तू आपला लहान मुलांच्या उतारावरच खेळ. हे बॅलन्सचं काम आहे, नांगर धरण्याचं नाही." चार जण हसले. मी मंगेशकडे पाहिलं. त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली होती. तळपायाची आग मस्तकात गेलेली. हातातला कागदी पेला चुरगळून कॉफी बोटांवरून गळत होती, गरम गरम, आणि त्याला पत्ता नव्हता. इरफान पटकन मधे आला. "आन," एवढंच म्हणाला.

मंगेशनं श्वास सोडला. मूठ उघडली. "मारत नाई मी तुले," तो निनादला म्हणाला. "शर्यत लाव. ह्या लाल उतारावरून खालपर्यंत." लाल खुणेचा उतार म्हणजे नवख्यांनी जायचाच नाही असा.

आम्हाला वाटलं, चला, सुटलो. खरं सांगते, मला तर त्याचं कौतुक वाटलं. इरफाननं त्याच्या पाठीवर थाप मारली. "पिझ्झा ध्यानात ठेव बे." गुडघे दुखत होते म्हणून इरफाननं पट्ट्या काढून टाकल्या होत्या. आम्ही दोघं तारेवरच्या पाळण्यातून खाली आलो आणि उताराच्या पायथ्याशी उभे राहिलो, मी पट्ट्यांत अडकलेली, तो मोकळा. आमच्या मागे हातभर अंतरावर पाळण्याचा लोखंडी खांब होता, माणसाच्या कवेत न मावणारा.

वर दोन ठिपके हलले. निनाद डावीउजवीकडे वळणं घेत झोकात येऊ लागला. मंगेश वळलाच नाही. तो धुरकऱ्यासारखा कमरेत वाकला, काठ्या मागे, मान पुढे, आणि सरळ सुटला. पट सरळच असतो ना! पाहता पाहता त्यानं निनादला मागं टाकलं. बाजूची पोरं शिट्या मारायला लागली. मीसुद्धा ओरडले, "हाण मंग्या!" पण त्याचा वेग वाढतच गेला. तो थांबायचं काहीच करत नव्हता. दुपट्टा मागे ताठ उडत होता. तो सरळ आमच्या दिशेनं येत होता, म्हणजे त्या खांबाच्या दिशेनं.

आणि त्यानं आरोळी ठोकली. "धरा रेऽऽ! धराऽऽ!"

अख्ख्या डोंगरावर ती आरोळी कळणारी माणसं दोनच. बाकीच्यांनी तिथली शहाणी माणसं करतात तेच केलं, भराभर बाजूला झाली. क्लाउडिया किंचाळत होती, "पिझ्झा! पिझ्झा!" मी पाय उचलायला गेले आणि पट्ट्यांवरच कोसळले. इरफान पुढं झाला.

समोरून नाही गेला तो. नालबंदाचा नातू होता. बाजूनं धावला आणि मंगेशच्या गळ्यात पडला. पण बैलाच्या पायात धारदार पट्ट्या नसतात. दोघं हवेत उडाले, आपटले, पुन्हा उडाले. काहीतरी मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, ओलं लाकूड मोडावं तसा. दोघं खांबाला चाटून पलीकडे गेले आणि तिथं बर्फावर लाल रंग पसरत गेला. पट्टीची कड इरफानच्या मांडीत खोल घुसली होती. रक्त ठिबकत नव्हतं, उसळत होतं. त्या गारठ्यात त्याची वाफ निघत होती.

मंगेशचा डावा खांदा लोंबत होता, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्यानं त्याकडे पाहिलंही नाही. दुपट्टा गळ्यातून ओढला, एक टोक दातात धरून इरफानच्या मांडीवर करकचून आवळला, आणि तरी रक्त थांबेना म्हणून उजव्या हाताची मूठ सरळ जखमेत दाबून बसला. इरफान गुरासारखा ओरडला. मंगेश त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडला, "मरू नोको बे! सायच्या, मरू नोको!" बचावाची माणसं आली, त्यांनी मंगेशला ओढायला सुरुवात केली. त्यानं अशी डरकाळी फोडली की त्यांच्यातला एक धिप्पाड गडी मागे सरकला. पण हात त्यानं कोणावर उचलला नाही. हात जखमेतच होता. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हाही त्यांना ती मूठ तशीच ठेवून दोघांना एकत्र न्यावं लागलं.

इरफान वाचला. डॉक्टर म्हणाले, मूठ काढली असती तर खालीच संपला असता. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, सळ्या घातल्या, पाय आखूड राहिला तो राहिलाच. पोलीस आले. निनादनं सांगितलं की मंगेश बेफाम आला, थांबायचा प्रयत्नच केला नाही. खोटं काय सांगत होता तो? मंगेश भिंतीला टेकून नुसता मान डोलवत होता, मलाच आत टाका म्हणत होता. मग पोलिसांनी इरफानला विचारलं. गुंगीतून नुकता उठलेला तो, ओठ पांढरेफटक. मी भाषांतर करायला शेजारी.

"त्यानं आवाज दिला, मी उभा राहिलो," इरफान म्हणाला. "आमच्याकडे असंच असते."

पोलिसानं दोनदा विचारलं, पण तुम्ही बाजूला का झाला नाहीत? इरफान माझ्याकडे पाहून हसला. "ताई, याले कसं समजावू? दादा म्हणायचे, आ बैल मुझे मार. मी तर खराखुरा बैल बोलावून घेतला." हे मी काही भाषांतर केलं नाही. तक्रार करायची का, तर नाही म्हणाला. पोलिसानं खांदे उडवले आणि कागद मिटला.

संध्याकाळी अकोटहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर मंगेशच्या वडिलांचा मिशीवाला चेहरा. मी प्रथमच पाहत होते. गळ्यात हात बांधलेला असूनही मंगेश उभा राहिला.

"हात कायनं मोडला बे?"

"शर्यत लागली होती बाबा. बर्फावर. माहा दोस्त इरफान, त्याचा पाय..."

"जितला का?"

"बाबा, इरफान मरता मरता..."

"थे इचारून राहिलो का मी? पह्यला आला का थे सांग."

मंगेश अगदी हळू आवाजात म्हणाला, "मामाच्या बरगड्या मोडल्या थेव्हा तुमी हेच बोलले असान." आणि त्यानं तो फोन पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटला. पुन्हा आपटला. पुन्हा. वडिलांचा आवाज बंद झाला तरी आपटत राहिला, काच तळहातात घुसेपर्यंत. नर्स धावत आली. मीच त्याला नळाकडे नेलं आणि हात पाण्याखाली धरला. या वेळी धुवायला इरफानचं नाही, त्याचं स्वतःचं रक्त होतं. जन्मात पहिल्यांदा तो बापाशी बसल्या जागेवरून नाही पण निदान मान वर करून बोलला होता.

खांदा सांधल्यावर वर्षभर मंगेशनं इरफानला पाठीवर वाहिला. होस्टेलला लिफ्ट नव्हती. सकाळी पाठीवर घेऊन खाली, संध्याकाळी पाठीवर घेऊन वर. इरफान वर बसून त्याच्या डोक्यात चमचा मारायचा, "चल बे ढवळ्या! च्यक च्यक!" आणि मंगेश खरंच बैलासारखा हंबरायचा. पोरं दारं उघडून बघायची. कोणावर हात टाकला का? नाही. एकदा भिंतीवर टाकला, भिंतीचा पोपडा पडला. सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो?

आता आम्ही तिघं परत आलोत. मी अमरावतीला एका कॉलेजात शिकवते. इरफान अकोल्यात वडिलांचं मोटरसायकलचं गॅरेज सांभाळतो. मंगेश अकोटला जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करतो, त्यांचा आवाज ऐकून कुठला दात मोडलाय ते सांगतो म्हणे. मागच्या हिवाळ्यात इरफानचा फोन आला, "ताई, वलगावकडे पट आहे. मंग्या येऊन राहिला. चल."

"मंग्या पट हाकतो?" मी ओरडलेच.

"तू चल तर."

मधे पट बंद होते, आता पुन्हा सुरू झालेत, पण आर टोचायला बंदी आहे. गर्दी ही तोबा. इरफाननं मोटरसायकल पट्ट्याच्या सुरुवातीला उभी केली. तिथं मंगेशचे वडील गाडीवर उभे होते, केस पांढरे झालेले, पण हाडं अजून टणक. पुढे पांढरी जोडी फुरफुरत होती. आणि मंगेश त्यांच्यापुढे हात पसरून उभा होता.

"मूठ उघडा बाबा."

"सरक बाजूले."

मंगेशनं शेदीडशे माणसांदेखत बापाची मूठ धरली आणि एकेक बोट सोडवत उघडली. तळहातात लपवलेली आर निघाली, बोटभर लांबीचा खिळा. ती त्यानं दूर वावरात भिरकावली. म्हाताऱ्यानं दुसऱ्या हातानं अशी सणसणीत कानाखाली ठेवून दिली की बैल दचकले. मंगेशचा उजवा हात वर उठला. तो हात वर गेला, दुपट्ट्यापाशी आला, दुपट्टा सारखा केला, आणि खाली आला. "मी पुढं उभा राहतो," तो बापाला म्हणाला, "पळवा तुमी."

आम्ही तिघं एकाच मोटरसायकलवर शेवटच्या टोकाला गेलो. मंगेशच्या गालावर पाची बोटं उठली होती. "दुखून राहिलं का बे?" इरफाननं आरशातून विचारलं.

"नाई. बुढा म्हतारा झाला आता."

टोकाला मंगेश उतरला आणि सरळ पट्ट्यावर जाऊन धरणाऱ्या माणसांत उभा राहिला. तेव्हा मला उमगलं की हा हाकायला येतच नाही. तेवढ्यात भोंग्यातून निवेदकाचा आवाज आला. आधी धुरकऱ्याचं नाव, गावाचं नाव, हे नेहमीचंच. मग तो म्हणाला, "धरणारे! इरफान शेख, अकोला. मंगेश अढाऊ, अकोट..." आणि पुढची नावं. मी चकित होऊन इरफानकडे पाहिलं. तो लाजून चष्मा पुसत होता.

"धरणाऱ्यायचे नावं घेतल्याशिवाय जोडी सुटू देत नाई थो. माइकवाल्याचं बखोट धरलं होतं पह्यल्या खेपेले. अन् मले पळता येत नाई, तरी दर बारीले पह्यलं नाव माहंच. कितीदा सांगतलं सायच्याले, ऐकतच नाई."

झेंडा पडला. जोडी सुटली. काळ्या मातीचा धुरळा उठला आणि त्या धुरळ्यातून ते दोन पांढरे बैल असे आले की पायाखालची जमीन थरथरली. म्हातारा गाडीवर कमरेत वाकलेला. त्याची आरोळी आली, "धरा रेऽऽ! धराऽऽ!" उजवा बैल बिथरला आणि अख्ख्या जोडीला ओढत, कडेला बांधलेल्या दोरीच्या दिशेनं, सरळ आमच्या गर्दीकडे वळला. बायापोरं किंचाळत पळाली. धरणाऱ्यांतलेही दोन जण बाजूला उडाले. मंगेश बाजूनं धावला आणि बैलाच्या गळ्यात पडला. बैलानं त्याला पायांवरून उचललं, आपटलं, फरफटत नेलं. शिंग त्याच्या खांद्याला, त्याच मोडलेल्या खांद्याला घासत होतं. सदरा फाटला, पाठ सोलून निघत होती, आणि तो सोडत नव्हता.

"पिझ्झा!" माझ्या शेजारी इरफान बेंबीच्या देठापासून ओरडला. "टाचा फाकव बे! पिझ्झा कर!"

मंगेशच्या टाचा मातीत रुतल्या. नांगरटीसारख्या दोन ओळी उमटत आल्या, आमच्याच दिशेनं. मी वळून बघते तर इरफान शेजारी नाही. त्यानं दोरी ओलांडली होती. आखूड पाय ओढत, हात पसरून तो बैलाच्या बाजूनं निघाला होता. मी त्याचा सदरा मागून धरला, तो टर्रकन फाटला.

बैलाच्या गळ्याखालून, रक्तानं माखलेल्या तोंडानं मंगेशनं त्याला पाहिलं.

"मागं हो बे लंगड्या!" तो गरजला. "या टायमाले मी आहो!"